जबाबदारी, उत्तरदायित्व आणि ‘असे समजते’

प्रश्न: अकाउंटेबिलिटीला ‘उत्तरदायित्व’ म्हणावं की ‘जबाबदारी’? क्रीडा-ब्लॉगर आणि वृत्तपत्रं यांच्यावर टिपण लिहितेय. ‘जबाबदारी’ म्हटलं की घरातली थोरली मुलगी डोळ्यांसमोर येते, ‘उत्तरदायित्वा’ला परिपत्रकाचा वास येतो. आणि ब्लॉगरला ‘पत्रकार’ म्हणायचं का?

उत्तर: ‘जबाबदारी’च ठेवा, ताई. शब्द फोडून बघा: जबाब + दार. ज्याच्यापाशी जबाब आहे तो. आपण झिजवून झिजवून त्याचं ‘कर्तव्य’ केलं, पण ‘जाब विचारणे’, ‘जबाब नोंदवणे’ यांत मूळ अर्थ शाबूत आहे. दैनिकाच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता असतो, आणि पीआरबी कायद्यानुसार (छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा) बातम्यांची जबाबदारी कुणाची तेही. कायदा १८६७चा, २०२४पासून त्याच्या जागी नवा आला. तिथे ‘जबाबदारी’चा अर्थ रोखठोक आहे: समन्स कुणाच्या नावे काढायचं. ब्लॉगच्या तळाशी अशी ओळ नसते.

उत्तर: ओळ नसली म्हणून सुटका होते असं नाही हं. जानेवारी २०१०मध्ये आयपीएलचे तेव्हाचे प्रमुख ललित मोदी यांनी ट्विट केलं की न्यूझीलंडचा क्रिकेटपटू ख्रिस केर्न्सला आयपीएलच्या लिलावातून वगळलं ते मॅच-फिक्सिंगमुळे. मूळ ट्विट वाचणारे जेमतेम ६५ असावेत असा अंदाज कोर्टात धरला गेला. क्रिकइन्फो या क्रिकेट-संकेतस्थळाने ते उचललं, मग माफी मागून भरपाई देऊन मोकळे झाले. मोदी आरोप खरा असल्याच्या बचावावर अडून राहिले. २०१२मध्ये लंडनच्या न्यायालयाने तो बचाव फेटाळला, ९०,००० पौंड भरायला लावले. म्हणजे जबाब मागितला, आणि तो निघाला नाही.

उत्तर: पण ब्लॉगवालेच बेजबाबदार, असं टिपणात गृहीत धरू नका. अमेरिकेत नोटर डेम विद्यापीठाचा फुटबॉलपटू मँटाय टेओ याची प्रेयसी सप्टेंबर २०१२मध्ये कॅन्सरने गेली, ही करुण कथा नामांकित मासिकं-वाहिन्यांनी हंगामभर आळवली. जानेवारी २०१३मध्ये डेडस्पिन या क्रीडा-ब्लॉगने मृत्यूची नोंद शोधली, सापडली नाही. ती स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होती म्हणे, तिथेही नाव नाही. फोटो भलत्याच मुलीचे. अशी बाई जगात नव्हतीच! टेओलाच कुणीतरी फसवलं होतं. नोंद तपासायला एक फोन पुरला असता, पण तळाशी जबाबदारीची ओळ मिरवणाऱ्यांनी तो केला नाही.

त्यावरून आठवलं, खरी चर्चा ‘असे समजते’ या प्रयोगावर व्हायला हवी. ‘कर्णधार बदलणार असल्याचे समजते.’ कुणाला समजते? कर्ताच गायब. घरी आपण ‘कर्णधार बदलणार म्हणे’ म्हणतो. त्या ‘म्हणे’त ऐकीव असल्याची कबुली तरी असते. ‘समजते’ तीच कुजबुज इस्त्री करून आणतं. आता ब्लॉगवालेही तेच शिकलेत, वर ‘सूत्रांनुसार’ची फोडणी.

आणि ‘पत्रकार’ म्हणायचं का? मी ‘ब्लॉगर’च ठेवीन. ज्याने स्वतः शोधून, पडताळून लिहिलं त्याला ‘बातमीदार’ म्हणा, मग तो कुठेही छापो.

प्रश्नकर्ती: ‘उत्तरदायित्व’ खोडलं. सहज शोध घेतला तर माझ्याच टिपणात ‘समजते’ चार ठिकाणी निघालं. दोन ठिकाणी कर्ता सापडलाय. उरलेली दोन वाक्यं बहुधा काढावी लागणार.