तारवट्यांचं ओळखपत्र
बायोमेट्रिक्सवरचं, म्हणजे बोटांचे ठसे किंवा चेहऱ्यावरून माणूस ओळखण्यावरचं, देशादेशांतलं सहकार्य हा निव्वळ बड्या देशांचा दबाव आहे, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सुरक्षा परिषदेचा २०१७ चा ठराव २३९६ दहशतवादी ओळखायला अशी यंत्रणा उभारा म्हणतो, पण मानवी हक्क पाळूनच.

गोव्यात तर तारवट्यांमुळे, म्हणजे जहाजांवरच्या खलाशांमुळे, हा विषय घरातला आहे. अमेरिकेवरच्या २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर २००३ साली खलाशांच्या ओळखपत्राचा जागतिक करार झाला. भारताने २०१९ मध्ये त्यासाठी ठशांऐवजी चेहऱ्यावर आधारलेलं ओळखपत्र आणलं, नोंदणीचं एक केंद्र गोव्यातही दिलं. हे फार बरं केलं. वास्कोतल्या आमच्या शेजारच्या तारवट्याच्या बोटांच्या रेषा दोरखंड ओढून आणि गंज खरवडून पार झिजल्यात. परक्या बंदरात यंत्राने अशा माणसाला नाकारलं तर दाद कुठे मागायची, हेही सरकारने इतर देशांशी बोलणी करतानाच ठरवून घ्यायला हवं.