स्ट्रिपचा रंग आणि रक्ताचा पीएच

एका पोस्टमध्ये लिहिलंय की लिंबूपाणी सुरू केल्यावर आठ दिवसांत लघवीची स्ट्रिप (आम्लता तपासायची, रंग बदलणारी पट्टी) पिवळ्याची हिरवी झाली, म्हणजे शरीर अल्कलाइन (आम्लाच्या उलट) झालं. रंग बदलला असेल, मान्य, पण तो लघवीचा, रक्ताचा नाही. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो आणि तो आपण काय खाल्लं यावर सोडलेला नसतो, आम्ल जरा वाढलं की रक्तातलं बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा घटक) ते लगेच पकडतं, त्यातून झालेला कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसं बाहेर टाकतात आणि उरलेलं काम मूत्रपिंडं सावकाश करतात, म्हणून तर लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही फिरतो. स्ट्रिपवर दिसतं ते मूत्रपिंडांचं हे काम.

लिंबू स्वतः आंबटच, पण त्यातल्या सायट्रेटचं शरीरात बायकार्बोनेट होतं, म्हणून लघवी अल्कलाइन होते. काही प्रकारच्या मुतखड्यांत याचा खरंच उपयोग होतो, पोटॅशियम सायट्रेट औषध म्हणून देतात ते यासाठीच.

भाज्या-फळं भरपूर खा, त्याला माझा अजिबात विरोध नाही. काळजी वाटते ती एवढीच की कुणी शरीर अल्कलाइन करायच्या नादात डायबेटिसचं इन्सुलिन बंद करेल. डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडून रक्त खरोखर आम्लधर्मी होतं तेव्हा माणूस खोल, भराभर श्वास घ्यायला लागतो, उलट्या होतात, तेव्हा लिंबूपाणी देत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. आणि किडनीचा आजार असेल तर फळांतलं पोटॅशियमही जड जाऊ शकतं, आधी डॉक्टरांना विचारा प्लीज.