साखर कमी केल्यावर दातांत, तब्येतीत काय फरक पडला? नाशिककरांनो, अनुभव लिहा

पंचवटीकर
साखर कमी करा असं सगळेच सांगतात, पण ज्यांनी खरंच केली त्यांच्याकडून ऐकायचंय म्हणून हा धागा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्ला असा की वरून घातलेली साखर, मध, ज्यूस हे सगळं धरून रोजच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आणली तर अजून चांगलं, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. आपल्याकडे दोन-तीन चहा आणि चार बिस्किटं झाली की ते संपतात. मी सकाळचा एक चहा गोड ठेवलाय, बाकीचे बिनसाखरेचे. सुरुवातीला नकोसा वाटायचा, आता कुणाकडे गोड चहा मिळाला तर अर्धा कप ठेवून देतो. तुमचं सांगा.

सातपूर फर्स्ट शिफ्ट
आमच्याकडे चहा थर्मासमधून येतो, साखर आधीच घातलेली, त्यामुळे कमी कर म्हणायला जागाच नाही. सगळेजण कप मशीनजवळ ठेवून तासभर घोट घोट पितात, मीपण तसाच प्यायचो. दाढेची कीड भरायला गेलो तर डॉक्टरांनी साखर किती खाता हे नाही, दिवसातून किती वेळा तोंडात गोड जातं हे विचारलं. मी मोजायला लागलो आणि बोटं पुरेनात. आता घरून ताकाची बाटली नेतो आणि चहा घेतला तर एका बैठकीत संपवतो. नंतरच्या चेकिंगला नवीन कीड निघाली नाही.

कॉलेज रोड दंतवैद्य
सातपूरच्या दादांनी मुद्द्याचं लिहिलंय. दातांवरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातली, खनिजं सुटायला लागतात, मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळते, त्याला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. दर दहा मिनिटांनी गोड घोट घेतला तर लाळेला वेळच मिळत नाही. म्हणून गोड खायचंच असेल तर जेवणासोबत खा. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे रात्री ब्रश झाल्यावर पाण्याशिवाय काही नको. दातावर नुसता पांढरट डाग असेल तर फ्लोराइडवाली पेस्ट वापरून तो थांबवता येतो, कधी मागेही जातो, पण खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. आणि गूळ, मध यांनीही दात किडतात, हे मला रोज सांगावं लागतं.

निफाडची सूनबाई
गुळाचं वाचलं आणि सासूबाईंना दाखवलं. आमच्याकडे साखर बंद आणि गूळ जोरात असंच चाललं होतं, वर बेदाणे घरचेच, पोरांच्या खिशात कायम. बेदाणे दातात चिकटून बसतात म्हणून आता जेवणाच्या ताटातच देते, ताजी द्राक्षं मात्र खाऊ देते. जावेच्या लेकाला गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय होती, त्याचे पुढचे वरचे चारही दात काळे पडले. दुधाचेच दात आहेत, पडतील, असं घरात सगळे म्हणत होते, पण त्या पोराला दुखतं, तो घास चावत नाही, रात्री रडतो, ते कोण बघणार? लहान मुलं असतील त्यांनी कृपा करून ही बाटली बंद करा. आम्ही आधी साखर कमी केली, मग दूध झोपायच्या बऱ्याच आधी, कपातून. चार-पाच रात्री घरात कुणाला झोप नव्हती पण सुटलं.

इंदिरानगर आजोबा
मला मधुमेह आहे. ब्रश करताना रक्त यायचं, वयामुळे असेल असं वाटायचं. डॉक्टर म्हणाले साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात राहायला त्रास होतो. दातांची सफाई करून घेतली, चहातली साखर आणि रात्रीचं श्रीखंड सोडलं, गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी फिरणं सुरू केलं, गोळ्या चालूच आहेत. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट सुधारलाय आणि रक्त येणं थांबलंय. सगळं एकदम केलं त्यामुळे कशाचा किती वाटा हे सांगता येणार नाही.

रविवार कारंजा
मिसळ आणि मागून जिलबी हे मी सोडणार नाही, रविवारी एकदा खातो, पोटभर खातो आणि मग पाण्याने चूळ भरतो. सोडलं ते कोल्ड्रिंक. बाटलीवर वाचलं तर १०० मिलीला १० ग्रॅमच्या वर साखर, म्हणजे छोट्या बाटलीतच सहा चमच्यांचा हिशोब ओलांडतो. उन्हाळ्यात रसवंतीवर थांबायचो तिथे आता लिंबू-मीठ-सोडा घेतो.

कॉलेज रोड दंतवैद्य
दादा, लिंबूसोडासुद्धा आम्लच आहे, साखर नसली तरी. कधीतरी चालेल, रोज नको, आणि प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका, अर्धा तास थांबा. तहानेला माठातलं पाणी किंवा साधं ताक बरं.

रविवार कारंजा
हे माहीत नव्हतं, मी तर घरी येऊन लगेच ब्रश करायचो. धन्यवाद डॉक्टर. ताकात मीठ-जिरं चालेल ना?

कॉलेज रोड दंतवैद्य
दाताला चालेल. बीपी असेल तर मीठ जपून.