यावलच्या घराची पश्चिमेची पडवी

दादा (पुणे): यावलच्या घराच्या दुरुस्तीचा आराखडा वर टाकला आहे. धाबे (मातीचे सपाट छप्पर) उतरवून स्लॅब टाकावा आणि पश्चिमेच्या मोकळ्या जागेत मोठ्या काचेच्या खिडकीची खोली वाढवावी, असे गवंड्याचे म्हणणे आहे. सर्वांनी आपले मत कळवावे.

नाना: आराखडा मला मुळीच मान्य नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा ज्या मधल्या घरात आपण सगळे अंग टाकतो, ते थंड राहते ते दीड-दोन फुटी मातीच्या भिंतींमुळे आणि डोक्यावरच्या धाब्यामुळेच. धाब्याला दर पावसाळ्याआधी खारी माती टाकावी लागते हे खरे. पण तेवढ्या कष्टासाठी रात्री उशिरापर्यंत धगधगणारा स्लॅब मी घेणार नाही.

वाढीव बांधकाम जरूर करावे, मात्र ती खोली नसून ८ फुटी पडवी असावी. मे महिन्याच्या अखेरीस साडेचारच्या सुमारास आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४ अंशांवर असतो, त्यामुळे २ फुटी छज्जा भिंतीचा सव्वा-दीड फुटाहून अधिक भाग झाकू शकत नाही. ८ फुटी पडवीची वळचण ७ फुटांवर ठेवली, तर त्या वेळी उन्हाचा पट्टा भिंतीच्या पायाशी दीड फुटावर थांबतो. साडेपाचपर्यंत तो ४ फुटांवर चढतो. म्हणून पडवीच्या कडेला विटांची ४ फुटी जाळीदार भिंत घ्यावी आणि तिच्या वर वाळ्याचे पडदे सोडावेत, म्हणजे ऊन अडेल आणि वारा खेळता राहील.

काकू: नाना, पडवीवर पत्रा टाकणार असाल तर तिथे दुपारी बसवणार नाही. आणि मधल्या घरात आधीच अंधार आहे, तो वाढेल.

नाना: वहिनी, पत्रा नको, कौलेच घालू. अंधारासाठी धाब्यातले बुजवलेले साणे, म्हणजे उजेडाचे झरोक्यासारखे भोक, उघडू आणि भर दुपारी झाकता येईल असे झाकण त्याला बसवू.

ताई (भुसावळ): जमीन काळी आहे, हे विसरू नये. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पडवीचा पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा आणि तिचे लाकूड जुन्या भिंतीत न अडकवता दोन्ही बाजूंना स्वतंत्र खांब द्यावेत. अन्यथा दोन्ही बांधकामे वेगवेगळी बसतील आणि जोडावर तडा जाईल. मधल्या फटीवर पत्र्याची पट्टी मारावी, पण ती जुन्या भिंतीलाच पक्की करावी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कृपया देऊ नये. आत शिरलेला ओलावा कोंडून तो माती पोखरतो. चुन्याचाच द्यावा.

दादा (पुणे): गवंड्याला स्लॅब आणि खिडकी रद्द केल्याचे आजच कळवतो. नाना, मुरूम किती खोल लागतो ते पाहण्यासाठी या रविवारी आपल्या देखरेखीखाली एक खड्डा खणून घ्यावा. त्यावरूनच पायाचा खर्च ठरवू.