ब्रश पेन की वॉटर ब्रश? किल्ल्यात बसून रंगवायला काय बरं पडतं

वडगाववाली: नमस्कार, रविवारी सकाळी बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीपाशी, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिरापाशी बसून स्केचिंग कराय लागलेय. पाण्याचा डबा, ब्रश, प्लेट सगळं स्कूटीवरनं न्यायचं म्हणजे वैताग, म्हणून ऑनलाइन ब्रश पेनचा सेट मागवला. रंग झकास आहेत पण एकात एक मिसळतच नाहीत, कडा तशाच दिसतात आणि दोनदा पाणी फिरवलं की कागदाची लोकर निघते. दोष पेनचा की वहीचा? आणि मागं पाणी भरायचे ते वॉटर ब्रश कुणी वापरलेत काय? कॉलेजला आहे अजून, बजेट बेताचंच.

निपाणीकर: वही कसली ते सांग आधी. साधी ड्रॉइंगची असेल तर कुठलाबी पेन आण, लोकर निघणारच. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड वॉटरकलर कागद घे, मोठा शीट आणून आठ तुकडे कर आणि पुठ्ठ्याला क्लिपा लाव, वहीपेक्षा स्वस्त पडतंय.

रंगवेडी: कागदाचं बरोबर, पण पेनचाही स्वभाव असतो गं. असल्या पेनांत बहुतेक वेळा डाय, म्हणजे विरघळलेला रंग असतो, तो कागदात लगेच मुरतो, मग कितीही पाणी घाल, कड हलत नाही. त्यापेक्षा पेन कागदावर टेकवूच नको, प्लॅस्टिकच्या झाकणावर घास आणि ओल्या ब्रशनं तिथला रंग उचल. डाय उजेडात उडतोही. सगळे रंग एका पट्टीवर ओढ, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाक आणि उन्हाच्या खिडकीला लावून ठेव, गुलाबी-जांभळ्याचं काय होतंय ते दिसेलच. वहीत मिटून राहणार असेल तर चालतंय, फ्रेम करून कुणाला द्यायचं असेल तर नको.

वॉटर ब्रश मी वापरते, पेंटेलचा अ‍ॅक्वॅश. पोट दाबलं की पाणी येतं आणि नवीन असताना हमखास जास्तच येतं, म्हणजे खांबाची सावली छान गडद लावावी आणि टपकन थेंब पडून तिथंच पांढुरका डाग फुटावा. डाव्या मनगटाला जुना सुती मोजा चढव आणि टोक त्याला टेकवत जा. रंग बदलतानाही त्यावरच पुसायचं, डबा लागतच नाही. मोठं आभाळ मात्र यानं होत नाही, त्याला साधा गोल ब्रशच पाहिजे. आणि घाई कशाला करतेस, १२०४ सालची बस्ती ती, कुठं पळून जातेय!

जांबोटीवाला: एक वॉटर ब्रश आणि कॅमलच्या पाच-सहा ट्यूबा, बास. रिकाम्या छोट्या डबीत रंग पिळून वाळवायचे, ओला ब्रश फिरवला की परत सुटतात. तयार हिरवा घेऊ नको, आपल्याकडच्या रानाला तो खोटा वाटतो, अल्ट्रामरीन निळ्यामध्ये यलो ऑकर घालून बघ. लाल मातीला बर्न्ट सिएना आहेच. फक्त पावसाळ्यात आमच्याकडं डबी ओली मिटून ठेवली की बुरशी धरते, घरी आल्यावर उघडी ठेवायची.

वडगाववाली: थँक्यू सगळ्यांना, वही ड्रॉइंगचीच आहे 😅 पेन झाकणावर घासून बघते आधी. अजून एक, छतातल्या कमळाच्या रेघा जेल पेननं काढल्या की पाणी लागल्यावर पसरतात, त्याला काय करायचं?

निपाणीकर: वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचा फाइनलायनर, म्हणजे बारीक टोकाचा पेन घे. नाहीतर खिशातला बॉलपेन, तेलाच्या शाईचा असतो, सहसा पसरत नाही. कोपऱ्यात एक रेघ मारून पाणी लावून बघ आणि मग चालू कर.