ऑर्गन आला, गॅलरी गप्प झाली. बरं झालं का?

मंद्रसप्तक: इंग्लंडच्या खेड्यांत अठराव्या शतकापासून चर्चच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत गावकऱ्यांचा ताफा बसायचा. सुतार, मोची, शेतमजूर. बासरी, क्लॅरिनेट, चेलो, बसून (वाद्याचंच नाव आहे हे). एकोणिसाव्या शतकात ऑर्गन बसवले गेले आणि या मंडळींना घरी बसवलं. सूर सुधारले असतील, पण वाजवणारं गाव नुसतं ऐकणारं झालं.

भाता: लांबून सगळं गोड वाटतं. गारठलेल्या दगडी इमारतीत क्लॅरिनेटचा सूर उतरतो, चेलोच्या आतड्याच्या तारा दमट हवेत जागेवर राहत नाहीत. ऑर्गनची सोळा फुटी नळी वाजली की खर्ज फरशीतून पायांना कळतो. आणि त्याचा दम संपत नाही.

मंद्रसप्तक: दम संपत नाही हीच तर तक्रार! फुंकून वाजवणारा गाणाऱ्याबरोबर श्वास घेतो. शिवाय मोटर येईपर्यंत ऑर्गनमागे कुणीतरी घाम गाळत भाता हाणतच होतं. तो कुणाला दिसला नाही, एवढंच.

जुनी_वही: भांडा खुशाल, पण 1644 विसरू नका. पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला होता. ताफे आले ते पुढे त्या रिकाम्या जागेत. आणि गरीब खेड्यांत नळ्यांचा मोठा ऑर्गन लगेच आलाच नाही. कुठे हार्मोनियम आला, कुठे बॅरल ऑर्गन: रुळावर खिळे, हँडल फिरवा, ठरलेल्या चाली ऐका. सहा माणसांची जागा एका हँडलने घेतली! याची बाजू कोण घेणार?

भाता: त्याची नाही घेत. पण ताफ्यातल्या सर्पंट नावाच्या खर्जाच्या वाद्याचीही नको. एकदा हातात धरला होता. सुमारे आठ फुटांची नागमोडी लाकडी नळी, वर चामडं. भोकं सुराच्या हिशेबाने नव्हे, बोटं पोचतील तिथे पाडलेली. सगळी मदार ओठांवर. ओठ जरा ढिला पडला की स्वर घसरलाच.

जुनी_वही: खरं दुखणं सुराचं नव्हतंच. वेदी पूर्वेला, ताफा पश्चिमेला. गाणं सुरू झालं की लोक वळून गॅलरीकडे बघायचे, वेदीकडे पाठ. 1833 नंतरच्या ऑक्सफर्ड चळवळीच्या, म्हणजे चर्चमध्ये जुने विधी परत आणू पाहणाऱ्या पाद्र्यांना ते कसं चालणार?

मंद्रसप्तक: मग ताफ्यालाच खाली आणून वेदीजवळ बसवायचं.

जुनी_वही: वेदीजवळ बसवले, पण पांढरे झगे घातलेले गायक. मोच्याला कोण बोलावतंय!