टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर आत्ता बदलू की अजून वर्षभर चालवू?

सांगलीकर: आमचं औषधांचं होलसेल आहे, आठ कॉम्प्युटर एका सर्व्हरवर, २०१५ चा डबा, ८ जीबी रॅम, विंडोज सर्व्हर २०१२ आर२. ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचं असतं आणि नेमकं तेव्हाच टॅली अडकतं, पोरं बिलासाठी ताटकळतात. वडील म्हणतात चालतंय तोवर चालू दे. काय करू?

केबलवाला: दादा, २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय, सिक्युरिटी अपडेट येत नाहीत, त्यात पार्टींची येणी-देणी सगळी त्याच्यावर, मी तर एक दिवस थांबणार नाही. नवीन घेताना विंडोज सर्व्हर २०१६ घेऊ नका, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२७ पर्यंतच आहे. टॅली अडकल्यावर विंडोजचा टास्क मॅनेजर बघा, त्यात डिस्कचा वापर १०० टक्के दिसला तर जुनी हार्डडिस्कच दुखणं आहे, नवीन मशीनला एसएसडीच (वेगवान डिस्क) घ्या.

मिरज_ट्रेडर्स: बॅकअपचं आधी बघा!! आमच्याकडे रेड १ होतं, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर, दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त होतो, एकाने चुकून डेटाचा फोल्डर उडवला तर दोन्हीकडून गेला, तीन महिन्यांची बिलं कागदावरून परत मारली, बायको रात्री दोनपर्यंत माझ्यासोबत बसायची. आता रोज एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, ती घरी नेतो.

सांगलीकर: बापरे. आमचा बॅकअप त्याच मशीनच्या डी ड्राइव्हला आहे.

केबलवाला: मग आज रात्रीच बाहेर काढा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. सर्व्हर बदलायचं काम रिटर्न भरून झाल्यावर शनिवारी संध्याकाळी करा, जुना डबा महिनाभर तसाच ठेवा.